तीन फूट चार इंच

सरांच्या शोकसभेत सात जण बोलले. मी तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसले होते. सभेला वही नेण्याची सवय नोकरीतली. एरवी दुसऱ्यांच्या दुःखाची नोंद ठेवायचं मला काही कारण नाही. सातांपैकी पाच जणांनी सरांना ‘थोर इतिहासप्रेमी’ म्हटलं. शिरूर अनंतपाळला नोकरी करणारा एक माजी विद्यार्थी म्हणाला, “सरांनी आम्हाला जग दाखवलं.” हा आठवीत माझ्याच वर्गात होता आणि जग दाखवणं चालू असताना शेवटच्या बाकावर झोपलेला असायचा. सहाव्या वक्त्यानं गल्लीला सरांचं नाव द्यायची मागणी केली. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक तेच होते, ज्यांनी सरांना आयुष्यभर ‘यार्क’ म्हणून हाक मारली होती, आणि तीही सर कोपऱ्यावरून वळल्यावर.

सातवे अप्पा. रंगारी गल्लीत सरांच्या घराच्या बरोबर समोर अप्पांचं किराणा दुकान आहे. अप्पा माईकपाशी गेले, “सर लई चांगले होते” एवढंच म्हणाले आणि खाली येऊन बसले. सातांत खरं बोललेले ते एकटेच, आणि तेही अर्धंच बोलले.

उरलेलं मी लिहिते.

आमचं गाव तालुक्याचं आहे. नांदेड आणि लातूर दोन्हींपासून सारखंच लांब, त्यामुळे दोन्हीकडचे लोक आम्हाला पलीकडचे समजतात. इथल्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे. ते कधी इंग्लंडला गेले नाहीत. पुण्यालासुद्धा एकदाच गेले, मेव्हण्याच्या लग्नाला, आणि तिथल्या पेठा ‘ठीक आहेत’ असं सांगत परत आले. पण इंग्लंडातलं यॉर्क नावाचं जुनं शहर त्यांना तोंडपाठ होतं: तिथलं अवाढव्य कॅथेड्रल, ज्याला मिन्स्टर म्हणतात, भोवतीचा दगडी तट, तटाच्या वेशी आणि आतल्या गल्ल्या. कुठल्या घराची माडी रस्त्यावर किती झुकली आहे आणि कुठल्या कोपऱ्यावर पुस्तकांच्या चळतीवर टेकून बसलेल्या देवीचं शिल्प आहे, हे त्यांना आपल्या मागच्या गल्लीत कोण राहतं त्यापेक्षा नक्की माहीत होतं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे नांदेडला फुटपाथवरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं एक पुस्तक. त्याची पहिली चार पानं नव्हती. त्यामुळे लेखक कोण आणि साल कुठलं हे सरांनाही अखेरपर्यंत कळलं नाही. शेवटी घडीचा नकाशा होता, घड्यांवर फाटलेला, मागून डिंकानं पट्ट्या लावून जोडलेला. तो ते वर्गात असा उघडायचे की पुढच्या बाकावरच्यांनी श्वास रोखावा. आम्ही रोखायचो. डिंकाचा वास यायचा.

आठवीच्या पुस्तकात रस्ता विचारण्याचा एक धडा होता. स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत कसं जायचं, असा. सरांनी तो पहिल्याच दिवशी रद्द केला. म्हणाले, “हे गाव खोटं आहे. खोट्या गावात चालायला शिकून काय करणार?” मग फळ्यावर यॉर्क आलं. प्रत्येकानं उभं राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, रस्ता सांगायचा. ‘रस्ता सांगायला ज्याला हात लागतात, त्याला भाषा येत नाही,’ हा सरांचा नियम. मिकलगेटच्या वेशीतून आत या, उतारानं खाली जा, नदीवरचा पूल ओलांडा, स्परिअरगेटला डावीकडे वळा, कोनी स्ट्रीटनं सरळ, सेंट हेलन्स चौकात उजवीकडे, मग स्टोनगेट, आणि समोर मिन्स्टर. तिथल्या सगळ्यांत आखूड रस्त्याचं नाव सगळ्यांत लांब आहे, व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. आम्ही त्यावर दोरीच्या उड्या मारायचो. आमच्यातल्या निम्म्या मुलींना आमच्याच बसस्थानकावर नायगावची गाडी कुठे लागते हे सांगता आलं नसतं.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका मुलीला इंग्रजीत विचारलं की शाळेपासून बँकेत कसं जायचं. मुलीनं हात मागे बांधले आणि साहेबांना थेट मिन्स्टरच्या दारात नेऊन उभं केलं. साहेब म्हणाले, “आणि बँक?” मुलगी म्हणाली, “सर, ती नकाशात नाही.” ती मुलगी मी. सरांनी मला त्या दिवशी एक पेन्सिल बक्षीस दिली. सरांना काय मिळालं ते त्यांच्या सेवापुस्तकात असेल.

खिशात कायम मोजपट्टी. पोलादी, गुंडाळी होणारी. ‘इतिहास असेल तर तो मोजता आला पाहिजे,’ असं ते म्हणायचे आणि यॉर्कमध्ये मोजायची सोय नसल्यामुळे बाकं, फळा, मुख्याध्यापकांची खुर्ची असं जे सापडेल ते मोजायचे. गावात कुणी पाहुणा पत्ता विचारायला लागला तर हात मागे बांधून “उत्तरेला साठ पावलं, मग पूर्वेला” असं सांगायचे. पाहुणा पुढच्या माणसाला विचारायचा.

सगळ्यांत मौज त्यांच्या घराची होती. रंगारी गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. दोन्ही बाजूंच्या माड्या लाकडी तुळयांवर पुढे आलेल्या, त्यामुळे खाली आहे त्याहून वर गल्ली अरुंद. सरांची माडी अप्पांच्या माडीला इतकी जवळ, की काकू, म्हणजे सरांची बायको, स्वयंपाक झाला की सज्ज्यात येऊन हाक मारायच्या. समोरून अप्पांची बायको हात पुढे करायची. अंबाडीच्या भाजीची वाटी इकडून तिकडे, शेंगदाण्याची चटणी तिकडून इकडे. कित्येक वर्षं रोज. आणि त्या वाटीच्या बरोबर खाली, ओट्यावर, सर यॉर्कच्या शॅम्बल्स गल्लीचं वर्णन वाचत बसलेले असायचे. ‘येथे माड्या इतक्या जवळ आहेत की समोरासमोरचे शेजारी खिडकीतून हात मिळवू शकतात.’ हे वाक्य ते मला वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, “विचार कर. हात मिळवू शकतात.”

वरून चटणीचा एखादा कण पानावर पडला की झटकायचे.

मी एकदा म्हटलं, “सर, तुमच्या इथंही तसंच आहे.”

“इथं?” त्यांनी वर पाहिलं. “ही गल्ली आहे.”

काकूंनी वरून ऐकलं. “त्यांचं गाव तिकडं हाय, माय,” त्या म्हणाल्या. “इथं जेवायला येत्यात.”

पुढे लातूरला स्थायिक झालेल्या मुलानं एका दिवाळीला मोबाइलवर यॉर्क उघडून दिलं. बोट फिरवलं की रस्त्यातून चालता येतं, ते. सरांनी चष्मा पुसला, हात धुतले आणि शॅम्बल्समध्ये शिरले. पुस्तकात ती कसायांची गल्ली. दुकानांवर मांस टांगायचे लोखंडी हूक अजून आहेत, त्यांवर सरांचा विशेष जीव. ते बराच वेळ बोट सरकवत राहिले. मग म्हणाले, “कसाई कुठे गेले?”

मुलगा म्हणाला, “बाबा, आता तिथं चॉकलेटची दुकानं आहेत.”

सरांनी मोबाइल परत दिला. “पुस्तक बरोबर आहे,” म्हणाले. “गाव चुकलंय.”

आता माझा विषय येतो. मी नगर परिषदेत मालमत्तेच्या टेबलावर आहे. कागद आला की शिक्का मारायचा, आवक क्रमांक द्यायचा, यादीत चढवायचा, पुढे पाठवायचा. या कामाला हुशारी लागत नाही, म्हणून ते नीट केलं तर लोकांना आश्चर्य वाटतं. तर एके वर्षी रंगारी गल्लीच्या रुंदीकरणाचं निघालं. हरकती आणि सूचना मागवल्या. गल्लीनं अप्पांच्या दुकानात बैठक घेतली. अप्पांनी धोरण सांगितलं, “तोंडानं कायबी बोला. कागद देऊ नका.”

आमच्याकडे हा वेडेपणा नाही, शहाणपण आहे. कार्यालयाकडे असलेल्या नोंदीत फक्त जमिनीवरची भिंत होती. वरची माडी किती पुढे आली आहे, हे कुणी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. जे लिहिलेलं नाही ते तोडायचं तर आधी ते आहे हे सिद्ध करावं लागतं. गल्लीनं सिद्ध होऊ नये याची काळजी घेतली. कुणी पुढून पत्रा ठोकला. एकानं पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असा बांधला की सज्जाच दिसेना. पुढारी हात जोडून उभे, मागे तुळया. आमच्या माणसांची फ्लेक्सला हात लावायची हिंमत नव्हती.

सरांनी अर्ज दिला. अकरा पानी.

असा अर्ज मी नोकरीत पाहिला नाही. पहिल्या पानावर अनुक्रमणिका. प्रत्येक पानाला क्रमांक. चार परिशिष्टं. तिसऱ्यात त्यांच्या घराचं मापाबरहुकूम काढलेलं चित्र, चौथ्यात शॅम्बल्समधल्या एका घराचं, तुलनेसाठी. मजकुराचा सारांश असा: ‘माझ्या घराचा सज्जा सार्वजनिक रस्त्यावर तीन फूट चार इंच आलेला आहे. यॉर्क येथे असे सज्जे अभिमानाने जतन केले जातात. सबब जतन व्हावा.’ खाली सही, तारीख, आणि ‘वरील माप मी स्वतः घेतले असून ते अचूक आहे.’

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. वाचताक्षणी कळलं. ‘सर, हा घरी घेऊन जा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण लोक माझ्याकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून आणतात, आणि हा अर्ज तर डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडून लिहिलेला. मी कौतुकानं पानं उलटत गेले आणि हातानं सवयीनं शिक्का उचलला. आवक क्रमांक पडला. क्रमांक पडला की कागद सरकारचा. मी त्याला टॅगही लावला, हिरवा.

लातूरहून बदलून आलेले अभियंता साहेब तो अर्ज वाचून खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, “मॅडम, असा अर्जदार रोज एक मिळाला तर मोजणीदार ठेवायची गरज न्हाई.”

पंधरा दिवसांत नोटीस निघाली. सबंध गल्लीत एकट्या सरांना. ‘आपण स्वतः मान्य केल्यानुसार.’

नोटीस घेऊन सर माझ्या टेबलापाशी आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. “कार्यालयानं माप मान्य केलं,” म्हणाले. “इंचाचाही फरक काढला नाही.”

“सर, ते सज्जा तोडणार आहेत.”

“हरकत फेटाळल्याशिवाय कसा तोडतील?”

“तुमची हरकत म्हणजेच पुरावा धरलाय, सर.”

ते उभ्या उभ्या नोटीस पुन्हा वाचायला लागले. दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, “अर्जात कुठं चुकलं?”

“चुकलं नाही कुठंच,” मी म्हणाले. ते जास्त वाईट होतं.

मी धडपड केली. अपिलाचा मसुदा केला, साहेबांकडे तीनदा गेले. साहेब म्हणाले, “मॅडम, त्यांनी लिहून दिलंय. आता मी न्हाई म्हणलं तर माझ्यावर येतंय.” अपील फेटाळलं गेलं. फेटाळण्याच्या पत्राचा जावक क्रमांकही मीच टाकला.

तोडायच्या दिवशी रस्ता रुंद करणारं यंत्र आलं आणि रस्ता अरुंद असल्यामुळे गल्लीत शिरेना. अर्धा तास मागेपुढे करून ते निघून गेलं. मग पहारी घेऊन सहा मजूर आले. मुकादमानं खडूनं रेघ मारली. सर खाली ओट्यावर उभे होते, पांढरा सदरा घालून. त्यांनी मोजपट्टी काढली, शिडी चढले, रेघेला लावली.

“ही चार फूट आहे,” म्हणाले.

“सर, आठ इंचानं काय होतंय?”

“नोटीस वाचा. रस्त्यावर तीन फूट चार इंच. आतले आठ इंच माझ्या ओट्यावर येतात.”

“आता सगळंच चाललंय, सर. आठ इंच ठेवून काय करता?”

“आठ इंचात तिची तुळशीची कुंडी राहते,” सर म्हणाले आणि शिडीवरून हलेनात. मुकादमानं साहेबांना फोन लावला. साहेबांनी कागद पाहिला. कागदावर तीन फूट चार इंचच होतं. खडूची रेघ पुसून पुन्हा मारली गेली. कुंडी वाचली. बाकी दुपारपर्यंत खाली आलं.

मग मार्च आला, काम थांबलं, साहेबांची बदली झाली. गल्लीतल्या बाकी कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. सरांच्या घराची खालची भिंत नोंदीनुसार जागेवरच होती, त्यामुळे जमिनीवर रस्ता एक इंचही वाढला नाही. रुंदीकरण झालं ते हवेत, जमिनीपासून नऊ फुटांवर. त्या भागातून अजून तरी कुणी ये-जा करत नाही.

मी भेटायला गेले तेव्हा काकू गुडघा धरून जिन्यात बसल्या होत्या. हातात वाटी. “हात पुरंना आता,” म्हणाल्या. “एक जिना उतरायचा, दुसरा चढायचा. भाजी गार होतीय.” अप्पांची बायको समोरच्या सज्ज्यात उभी होती. मधे स्वच्छ आभाळ. सर ओट्यावर होते, पण हातात पुस्तक नव्हतं. तोडलेल्या तुळयांचा ढीग समोर, आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला एक जाड लोखंडी कडी.

“या कशाच्या, सर?” मी विचारलं.

“लोखंड आहे. भंगारात जाईल.”

“लोखंड काय?” काकू जिन्यातून म्हणाल्या. “रंगवलेली लुगडी वाळत घालायची दोरी त्याच्यात. ह्या माडीपासून त्या माडीपातूर. मी लग्न होऊन आले तवा समदी गल्ली लाल.”

सर ढिगाकडे बघत म्हणाले, “शाळेत जाताना खालून जावं लागायचं. सदऱ्यावर ठिपके पडायचे. गुरुजी रोज उभं करायचे. वर्ग हसायचा. मी वर बघायचंच सोडून दिलं.”

एवढंच. मी चहा घेऊन निघाले.

पावसाळा संपल्यावर अप्पा माझ्या टेबलापाशी आले, घाम पुसत. “मॅडम, सर टेप घेऊन गल्लीत फिरून राहिले. घराघरात शिरून वर बघायलेत.”

“मग?”

“मग काय? लिहून घेऊन राहिले.”

सोमवारी सर आले. बारा पानी अर्ज. अनुक्रमणिका, समास, परिशिष्टं. विषय: रंगारी गल्लीतील एकतीस लोखंडी कड्या. कुठल्या घराला किती, जमिनीपासून किती उंचीवर, भिंतीपासून किती पुढे, कुठल्या कडीत दोरीनं घासून खाच पडली आहे. फ्लेक्सच्या मागच्याही चार. यॉर्कचा उल्लेख एकदाच, तळटिपेत: ‘तेथे केवळ हूक आहेत.’

आणि पहिल्याच पानावर, सर्वांत वर: ‘बसस्थानकावरून रंगारी गल्लीत कसे यावे.’ फाटकातून बाहेर या, डावीकडे वळा, दवाखाना ओलांडा, तेलाच्या घाण्यापाशी उजवीकडे, सरळ, समोर गल्ली.

मी सगळं वाचलं. कडी म्हणजे तुळई, तुळई म्हणजे सज्जा. गल्लीतल्या प्रत्येक सज्ज्याचं भिंतीपासूनचं अंतर इंचासकट तिथे होतं, खाली सही आणि ‘माप अचूक आहे’. रुंदीकरणाची फाइल बंद झालेली नव्हती, फक्त कपाटात होती. एक शिक्का, की समोरच्या सज्ज्यातला हातही गेला.

“पोच दे,” सर म्हणाले. त्यांना पोच लागायचीच. पोच घेतल्याशिवाय त्यांनी कधी कागद सोडला नाही.

शिक्का माझ्या उजव्या हाताशी होता. मी ड्रॉवर उघडला, अर्ज आत ठेवला, ड्रॉवर लावला. मग कोऱ्या कागदावर लिहिलं: ‘अर्ज मिळाला, पाने बारा, वाचली.’ क्रमांकाच्या जागी १४ टाकला. नोकरीत मी खोटा क्रमांक टाकला तो तेवढाच.

सरांनी चष्मा वर केला. पोच वाचली. ऑक्टोबर चालू होता. त्या वर्षीची आवक केव्हाच हजाराच्या पुढे गेली होती आणि ते त्यांना माहीत असणारच.

“चौदा,” ते म्हणाले.

मी ड्रॉवरची किल्ली फिरवली.

“आठवी, हजेरीपटावर चौदा, खिडकीच्या बाजूचं तिसरं बाक,” सर म्हणाले. “पूल ओलांडल्यावर नेहमी उजवीकडे वळायचीस.”

“हो, सर.”

त्यांनी पोचेची नीट चौघडी केली आणि मोजपट्टीच्या खिशात ठेवली. दारापर्यंत गेले, वळले. म्हणाले, “पहिलं पान म्हणून दाखव.”

कार्यालयात माणसं होती. मी उभी राहिले, हात मागे बांधले, आणि बसस्थानकाच्या फाटकातून बाहेर आले.